रेषेखालचा ठिपका

चौकातून डावीकडे वळलं की तिसरं दुकान काटेमामांचं. त्यांना सख्खे भाचे किती होते कोण जाणे, पण अख्ख्या बाजाराचे ते मामा होते. दुकानाला पाटी नव्हती. दारावर एक जुनं पितळी पारडं टांगलेलं असे, तीच पाटी. आत भिंतीला तबकडीचे काटे, तराजूच्या दांड्या, तेलाने काळवंडलेल्या स्प्रिंगांची वेटोळी, आणि मधोमध एक ठेंगणं टेबल. त्या टेबलाशी मामा चष्मा कपाळावर सरकवून, एखादा स्क्रू नाकाच्या शेंड्याशी धरून बसलेले असत. बाजारात कोणाचा काटा अडखळला की तो माणूस काखोटीला काटा मारून मामांकडे येई. मामा आधी काट्याकडे बघत, मग माणसाकडे, आणि दोघांतलं नेमकं कोण बिघडलंय ते त्यांना बहुतेक वेळा लगेच कळे.

हाताचा अंदाज तर असा, की समोरची भाजीवाली टोपली पुढे करून म्हणायची, "सांगा बघू मामा." मामा टोपली जरा उचलून खाली ठेवत आणि म्हणत, "टोपलीसकट दोन किलो तीनशे." भाजीवालीचा काटा मग मामांचीच री ओढायचा. तो काटाही मामांनीच लावून दिलेला होता, हा भाग वेगळा.

दहा महिन्यांपूर्वी त्यांची लेक तिच्या पोरीला घेऊन माहेरी राहायला आली. जावई मालवाहू जहाजावर कामाला. सात-सात महिने समुद्रावर असायचा आणि फोन लागला की खरखरीतून "हॅलो, हॅलो" एवढंच ऐकू यायचं. लेकीला इथल्या शिवणकारखान्यात कॉलर जोडायचं काम मिळालं होतं. दुकानाच्या मागच्या दोन खोल्यांत तिघं राहायची. नातीला मामांनी नाव ठेवलं होतं मुंगी. कारण दीड वर्षाची असल्यापासून तिला स्वतःपेक्षा जड वस्तूच उचलायच्या असत. हातोडी, पाण्याची कळशी, मामांचा बूट. ती उचलायची नाहीच, ओढायची, आणि ओढताना तोंडाने "हुं, हुं" करायची.

ती आली त्याच आठवड्यात दुकानाचं दार वाऱ्याने धाडकन लागलं आणि तिची बोटं फटीत सापडता सापडता वाचली. मामा हातातला स्क्रू टाकून धावले. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, टेबलाखालचं पाच किलोचं लोखंडी वजन उचललं आणि दाराशी ठेवून दिलं. तेव्हापासून रोज सकाळी ते पायाने सरकवून दाराला लावायचं आणि काम असलं की उचलून टेबलावर आणायचं, असा परिपाठ पडला.

---

त्या मंगळवारी लेक दवाखान्यातून आली ती दुकानाच्या पायरीवरच बसली. हातात मुंगीचं कार्ड होतं. त्यावर एक हिरवा पट्टा, खाली पिवळा, त्याखाली लाल, आणि दर दोन महिन्यांनी नर्सबाईंनी निळ्या शाईने दिलेला एक ठिपका.

"बाबा, ठिपका रेषेखाली गेला."

मामांनी चष्मा खाली ओढला. हिरव्या आणि पिवळ्याच्या मधल्या रेषेला लागूनच, पण खालच्या बाजूला, नवा ठिपका होता.

"किती भरली?"

"नऊ किलो तीनशे. मागच्या खेपेला साडेनऊ होती. दोन महिन्यांत वाढायचं सोडून पोर दोनशे ग्रॅम घटली."

"नर्सबाई काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, घाबरू नका. असं कोणी म्हटलं की माणूस घाबरतंच ना! पाच आठवड्यांनी परत आणायचं. तेव्हाही रेषेखालीच असली तर मोठ्या इस्पितळाची चिठ्ठी देणार. तिथे ठेवून घेतात म्हणे. रक्त काढतात."

मुंगी तोवर खिळ्यांचा डबा ओढत ओढत दुकानाच्या दुसऱ्या टोकाला पोहोचली होती. तिचे हात काटक्यांसारखे होते खरे, पण डबा तिच्याबरोबर निमूट चालला होता.

"मी कामावर जाते म्हणून झालंय हे," लेक म्हणाली.

"असं कोण म्हणालं?"

"म्हणायला कशाला पाहिजे? सासूबाईंना फोनवर सांगितलं, तर त्यांनी नुसतं 'हं' केलं. त्या 'हं'मध्ये सगळं आलं." तिने ओढणीने नाक पुसलं. "मी सुपरवायझरला सांगणार आहे, पुढच्या महिनाअखेर काम सोडते म्हणून."

मामांनी तिच्या पायांकडे पाहिलं. हे काम मिळालं त्या दिवशी तिने स्वतःसाठी चपला घेतल्या होत्या, आणि त्या घालून दुकानात दोन फेऱ्या मारून दाखवल्या होत्या. ते त्यांना आठवत होतं.

"आधी बघू तर," ते म्हणाले. "आण तिला इकडे."

त्यांनी तबकडीचा मोठा काटा टेबलावर घेतला, पारड्यात टॉवेल अंथरला आणि मुंगीला त्यात बसवलं. मुंगीला पारडं म्हणजे पाळणाच वाटला. ती हलायला लागली, काटाही हलायला लागला. मामांनी तिच्या हातात एक वॉशर दिला. ती त्याच्या भोकातून आजोबांकडे बघत स्थिर झाली, आणि तेवढ्यात मामांनी आकडा टिपला.

"नऊ किलो सातशे!" ते ओरडलेच. "बघ! मी म्हणालो नव्हतो?"

ते काहीच म्हणाले नव्हते. पण लेकीचं तिकडे लक्ष नव्हतं.

"तिथे नऊ-तीनशे, इथे नऊ-सातशे," ती म्हणाली. "मग माझं पोर नेमकं केवढं?"

मामांनी विचारलं, "दवाखान्यातला काटा कोणता? मी सात महिन्यांपूर्वी दुरुस्त करून दिलेला टांगता काटा, तोच ना?"

"तो मोडला. पंधरा दिवस झाले. आता नवं मशीन आलंय, लाल आकड्यांचं."

"हां! मशीन!" मामांच्या चेहऱ्यावर उजेड पडला. "मग बरोबर. अगं, त्या मशीनला ना दांडी, ना स्प्रिंग. डबीत बसून आकडे सांगतं. माझे काटे खोटं बोलत नाहीत. पुढच्या मंगळवारी जातो आणि दाखवतोच त्यांना."

लेकीला हायसं वाटायला हवं होतं. पण तिने कार्ड पुन्हा उघडलं आणि त्या ठिपक्यावर बोट ठेवून बसली.

---

दवाखान्यात वजनं मंगळवारीच होत. म्हणजे आठवडा हातात होता, आणि मामांचं डोकं स्वस्थ बसणारं नव्हतं. आजवर त्यांनी तांदूळ तोलला, लोखंड तोललं, एकदा एका सोनाराचा रत्तीचा काटाही लावून दिला. पण मूल कधी रोजच्या रोज तोललं नव्हतं. मूल तोलताना नेमकं काय तोललं जातं, याचं त्यांना कुतूहल वाटायला लागलं.

त्यांनी भिंतीला एक कोरा कागद चिकटवला. सकाळी उठल्याबरोबर मुंगीचं वजन. दूध प्यायल्यावर वजन. शू झाल्यावर वजन. आंघोळीनंतर ओल्या केसांसह आणि केस पुसून. दोन दिवसांत त्यांना कळलं की ही पोर सकाळ-संध्याकाळ मिळून तीनशे ग्रॅम इकडेतिकडे होते. एका कपभर दुधाने चढते आणि तासाभराने तेवढीच उतरते.

"मूल म्हणजे भोकाचं पोतं," त्यांनी भाजीवालीला सांगितलं. "भरतंय किती आणि गळतंय किती, ह्याचा मेळच लागत नाही."

"मामा, नातीला किती वेळा पारड्यात बसवाल?" भाजीवाली म्हणाली. "गिऱ्हाईक विचारत होतं, काय भावाने दिली?"

मग त्यांनी ताटली तोलायला सुरुवात केली. जेवणाआधी ताटली, जेवणानंतर ताटली, जमिनीवर सांडलेलं गोळा करून वेगळं, आणि स्वतःच्या सदऱ्याला लागलेलं अंदाजाने. अंडं, भात, केळं, सगळ्याची नोंद. त्यातून एक गोष्ट बाहेर आली, आणि ती मामांनी तीनदा पडताळून पाहिली. मुंगी सकाळी अकराच्या सुमाराला समोर भाजीवालीच्या मांडीवर बसून मटार सोलते आणि सोललेल्यातले निम्मे खाते. दुपारी मामा काम करत असताना त्यांच्या पाठीमागे बसून ती अर्धी वाटी भात संपवते. आणि संध्याकाळी आई कामावरून येऊन, समोर मांडी घालून, घास हातात धरून, "खा गं राजा, एवढा एक," म्हणते, तेव्हा ती तोंड घट्ट मिटते.

हे लेकीला सांगावं की नाही, यावर मामांनी बराच विचार केला. शेवटी जेवताना ते भिंतीकडे बघत म्हणाले, "काय गं, तुझ्यासमोर बसून सुपरवायझर टक लावून बघत राहिली तर तुझी कॉलर सरळ लागेल का?"

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. आमटी वाढ."

लेकीने वाढली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मात्र ती ताटली मुंगीपुढे ठेवून कपडे घडी करायला गेली. मामांनी नंतर गुपचूप ताटली तोलली. चाळीस ग्रॅम जास्त गेलं होतं.

---

मंगळवारी मामांनी दारापुढचं पाच किलोचं वजन उचललं, फडक्यात गुंडाळलं आणि दवाखाना गाठला. लेकीने त्या दिवशी अर्धी रजा घेतली होती. मुंगीला कडेवर घेऊन तीही मागोमाग आली.

नर्सबाई ठेंगण्या, गोल, आणि आवाजाने खणखणीत. बाकावर दहा-बारा आया मुलं घेऊन बसल्या होत्या.

"या काटेमामा. आज तुमचं वजन करायचंय?"

"माझं नाही. तुमच्या मशीनचं." त्यांनी फडकं सोडलं. "हे पाच किलो. ठेवतो हां."

बाकावरच्या सगळ्या आया पुढे झुकल्या. मामांनी वजन अलगद मशीनवर ठेवलं. लाल आकडे धावले, घुटमळले आणि थांबले. चार किलो आठशे.

"पाहा!" मामा आयांकडे वळले. "पाच किलोला दोनशे ग्रॅम खातंय तुमचं मशीन. मग पोरं घटतील नाही तर काय होईल?"

बाकावर गलका उडाला. "म्हणजे आमच्या बाळाचंही?" "तरी मी म्हटलं!" एका आईने तर लगेच बाळाला पुन्हा शाल गुंडाळली.

नर्सबाई हलल्या नाहीत. "मामा, हे मशीन वजनमापे खात्याकडून तपासून, सील लावून आलंय. महिनाही झाला नाही," त्या म्हणाल्या. मग जरा खालच्या आवाजात त्यांनी विचारलं, "तुमचं हे वजन शेवटचं कधी तपासलंत?"

"माझं?"

"दरवर्षी शिक्का मारून आणता ना तुम्ही? यंदा आणलात?"

यंदा आणला नव्हता. शिक्क्याच्या तारखेला मुंगीला ताप होता, आणि मग ते राहूनच गेलं होतं. पण पस्तीस वर्षं बाजाराचे काटे लावणाऱ्या माणसाला, बारा आया आणि तेवढ्याच पोरांसमोर, हे विचारावं? मामांचे कान लाल झाले. त्यांनी वजन फडक्यात गुंडाळलं आणि ते तडक पायऱ्या उतरले. लेक मागून धावत आली.

"बाबा, हळू चाला. रागाने चालून काय होणार?"

"पस्तीस वर्षं!" मामा म्हणाले. चौक येईपर्यंत ते एवढंच म्हणत होते.

दुकानात आल्यावर त्यांनी वजन टेबलावर आदळलं, पाणी प्यायले आणि बसून राहिले. राग ओसरायला पाव तास लागला. राग गेल्यावर मागे जे उरलं ते कुतूहलच होतं. मशीन एक सांगतं, वजन दुसरं. दोन्ही खरी असू शकत नाहीत. ज्यांच्या हाताखाली मामा हे काम शिकले ते वस्ताद म्हणायचे, दोन घड्याळं भांडली तर तिसऱ्याला विचारावं.

तिसरं घड्याळ घरातच होतं. वस्तादांनी जाताना मामांना दिलेली पितळी वजनांची पेटी. मखमलीच्या खळग्यांत बसवलेली दोन किलोची दोन, एकाचं एक, आणि खाली उतरत थेट एका ग्रॅमपर्यंत. ती वापरायची नसतात, जपायची असतात. मागच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात ती पेटी कित्येक वर्षं पडून होती.

"त्या कपाटाची किल्ली कुठाय गं?"

लेकीने किल्ली शोधून दिली. कपाट कुरकुरत उघडलं. मामांनी पेटी काढली, दुकानात आणली आणि दांडीचा तराजू टांगला. एका पारड्यात दोन, दोन आणि एक किलोची पितळी वजनं. दुसऱ्यात लोखंडी पाच किलो.

पितळेचं पारडं खाली गेलं.

मामांनी पारड्यांची अदलाबदल केली. पितळच खाली गेलं. त्यांनी लोखंडाच्या बाजूला लहान वजनं टाकायला सुरुवात केली. पन्नास, शंभर, दीडशे. दोनशेवर दांडी सरळ झाली.

 मग त्यांनी लोखंडी वजन उचलून उलटं केलं.

अशा वजनाच्या बुडाला एक खोबण असते. वजन पुरं भरावं म्हणून तिच्यात शिसं ओतून बुजवतात आणि त्या शिशाच्या डाटावर, म्हणजे बुचावर, शिक्का मारतात. ती खोबण रिकामी होती. आत थोडी माती होती आणि मुंगीच्या फ्रॉकचा एक निळा दोरा.

दाराशी! रोज सकाळी पायाने सरकवताना, उंबऱ्याच्या दगडावर खरडत, ठेचकाळत. वस्ताद काय म्हणायचे? 'वजन जमिनीवर टेकवू नकोस रे, तो काही दगड नाही.' मामा गुडघ्यांवर बसले आणि उंबऱ्याच्या फटीत त्यांनी स्क्रूड्रायव्हर घातला. तिसऱ्या खेपेला शिशाचा एक जाडजूड काळपट डाट बाहेर आला. त्यावरचा शिक्का अजून वाचता येत होता. मुंगी हात पुढे करून धावली. मामांनी डाट चटकन वरच्या फळीवर ठेवला, फट पुसून काढली आणि हात साबणाने दोनदा धुतले. शिसं पोरांच्या तोंडात जाता कामा नये, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"म्हणजे मशीन खरं," लेक म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "म्हणजे नऊ-तीनशेच. घटलीच ना ती?"

"थांब." मामांनी कानामागची पेन्सिल काढली. "दवाखान्याचा जुना काटा मी कशाने लावून दिला होता? ह्याच वजनाने, माझ्या घरच्या काट्यासारखाच. चार किलो आठशे टांगलं आणि काट्याला म्हटलं, हे पाच. तो बिचारा सात महिने किलोमागे चाळीस ग्रॅम जास्त सांगत राहिला. आण ते कार्ड."

त्यांनी जुन्या प्रत्येक ठिपक्यातून किलोमागे चाळीस-चाळीस ग्रॅम वजा केले. आठ-नऊशेचे झाले साडेआठच्या आसपास. नऊ-दोनशेचे झाले आठ किलो आठशे बत्तीस. आणि साडेनऊचे झाले नऊ किलो एकशेवीस.

"आणि गेल्या मंगळवारी नऊ-तीनशे," मामा म्हणाले. "वाढलीय गं. एकशेऐंशी ग्रॅम वाढलीय. ती घटली नव्हती, माझं वजन घटलं होतं."

पेन्सिलीचे नवे ठिपके जुन्यांच्या खाली उमटले. ते उंच नव्हते. रेषेला चिकटून, पण एकामागे एक, शिस्तीत वर चढत होते. लेकीने कार्ड हातात घेतलं आणि रडू आवरायला म्हणून मागच्या खोलीत गेली. बराच वेळ ती बाहेर आली नाही.

"बाबा," आतून हाक आली. "हे काय लिहिलंय?"

कपाटाचं दार उघडंच राहिलं होतं. दाराच्या आतल्या बाजूला, गंजाच्या डागांमधून, पेन्सिलीचे आकडे खालपासून वरपर्यंत गेले होते. अक्षर मामांच्या बायकोचं. तिला जाऊन सहा वर्षं झाली होती.

"हे तुझं," मामा म्हणाले. "तुझी आई दर महिन्याला तुला पारड्यात घालायला लावायची. म्हणायची, पोर मेली अंगच धरत नाही. तेव्हा लोखंडी वजनं नव्हती माझ्याकडे, ही पितळीच होती."

लेकीने बोट फिरवत आकडे वाचले. दोन वर्षं दोन महिने, म्हणजे आत्ताच्या मुंगीएवढीच. नऊ किलो दोनशे.

"मी हिच्यापेक्षा शंभर ग्रॅम कमी होते?"

"आणि आता बघ. कारखान्याचं शिलाई मशीन एकटी सरकवतेस."

ती हसली नाही, पण ओढणी खांद्यावर नीट घेऊन दारातच उकिडवी बसली आणि सगळे आकडे पहिल्यापासून पुन्हा वाचू लागली.

---

दवाखाना एक वाजता बंद व्हायचा. पाऊण वाजला होता. मामांनी चपला घातल्या.

"कुठे निघालात?"

"सांगायला."

लेक दारात आडवी झाली. "उद्या सांगा. नाहीतर, बाबा, सांगायलाच हवं का? जुना काटा भंगारात गेला. नवं मशीन बरोबर आहे. आता कोणाचं काय नुकसान होणार? उगीच तुमचं नाव..."

मामांनाही चपला घालताना हाच विचार शिवून गेला होता, नाही असं नाही. काट्यावाल्याचं दुसरं भांडवल काय? नावच. ते गेलं की दारावरचं पारडं उतरवून ठेवायचं.

"तुझी मुंगी रेषेवरून खाली दिसली, म्हणून कोणीतरी बघितलं तरी," ते म्हणाले. "पण माझ्या काट्याने एखादं खाली असलेलं पोर वर दाखवलं असेल, तर त्याच्याकडे सात महिन्यांत कोणी बघितलंच नसेल."

लेक बाजूला झाली.

नर्सबाई कुलूप लावत होत्या. मामांनी उलटं वजन आणि शिशाचा डाट त्यांच्या पुढ्यात धरला आणि सगळं सांगितलं. दाराचंही सांगितलं. सकाळी आयांसमोर ओरडलो, तेही बोलून दाखवलं. नर्सबाईंनी ऐकून घेतलं, कुलूप पुन्हा उघडलं आणि कपाटातून वजनांची वही काढली.

"बसा," त्या म्हणाल्या. "त्रेचाळीस मुलं आहेत. वजाबाकी तुमची, ठिपके माझे. आणि आज मला जेवायला उशीर होणार तो तुमच्यामुळे, हे लक्षात ठेवा."

तीन वाजेपर्यंत दोघं बसली होती. त्रेचाळिसांतली एकेचाळीस मुलं आपापल्या पट्ट्यातच राहिली. दोन खाली आली. एक होता न्हाव्याचा धाकटा, दुसरी होती धोबिणीची नात. नर्सबाईंनी त्यांच्या नावापुढे लाल खूण केली आणि त्याच संध्याकाळी दोन्ही घरी स्वतः जाऊन आल्या. न्हाव्याच्या धाकट्याच्या पोटात जंत निघाले आणि औषध सुरू झालं. धोबिणीच्या नातीला पुढच्या आठवड्यात मोठ्या इस्पितळात तपासायला न्यायचं ठरलं. तिचं काय निघतं ते मामा मग रोज विचारत राहिले.

दुसऱ्या दिवसापासून मामा पितळी पेटी घेऊन बाजारात फिरले. त्या वजनाने लावलेले अकरा काटे त्यांनी दारोदार जाऊन पुन्हा लावून दिले. कोणी चिडलं, कोणी हसलं. भाजीवाली कमरेवर हात ठेवून म्हणाली, "म्हणजे इतके महिने मी लोकांना कमी देत होते? आणि तरी माझी टोपली संध्याकाळी रिकामी कशी?"

"मुंगी मटार खायची," मामा म्हणाले.

"हां, ते आहेच." मग ती जरा गंभीर झाली. "आता थोडे दिवस मूठभर वरून घालते सगळ्यांना. फिटेल तेवढं फिटेल."

गुरुवारी दवाखान्यात डॉक्टरीणबाई येत. त्यांनी मुंगीचं पोट दाबलं, दंड मापला, जीभ बघितली. कार्डावरचे पेन्सिलीचे ठिपके आणि लेकीने कागदावर उतरवून आणलेले कपाटाच्या दाराचे आकडे त्यांनी शेजारी शेजारी ठेवले आणि चक्क खुर्ची पुढे ओढून वाचत बसल्या.

"असं कोणी आणत नाही हो आमच्याकडे," त्या म्हणाल्या. "एक ठिपका बघून घाबरायचं नाही, चाल बघायची. ही हिच्या आईच्या चालीने चाललीय. पण रेषेच्या अगदी काठावर आहे, तेव्हा हलगर्जीपणा नको. दिवसातून एकदा जास्तीचं खाणं द्या. भातावर चमचाभर तेल किंवा तूप. आणि पुढच्या वजनाला नक्की आणा."

"मी काम सोडू का?" लेकीने एकदम विचारलं.

"पोर दिवसा कोणाजवळ असते?"

लेकीने मामांकडे बोट दाखवलं. मामांच्या खिशातून ताटल्यांच्या वजनांचा कागद डोकावत होता.

"ह्यांच्याजवळ?" डॉक्टरीणबाईंनी तो कागद मागून घेतला, वाचला आणि परत दिला. "मग कशाला सोडता?"

लेकीने सुपरवायझरला काही सांगितलं नाही. पण महिनाअखेर यायची होती, आणि वजनाचा मंगळवार त्याच्या दोनच दिवस आधी होता. मामांना एवढं कळत होतं: नऊ-तीनशेच्या खाली एक ठिपका पडला असता, तर तिने कोणाचं ऐकलं नसतं.

---

त्या मंगळवारी नर्सबाईंनी बाकावरच्या सगळ्या आयांना थांबवलं. "आधी मामा," त्या म्हणाल्या. मामांनी पेटी उघडली आणि पितळी वजनं मशीनवर मांडली. दोन, दोन, एक. लाल आकड्यांनी पाच किलो शून्य शून्य शून्य दाखवलं. मामांनी मशीनला मान तुकवली, जशी एखाद्या पाहुण्याला तुकवावी. लोखंडी वजन नवा डाट आणि नवा शिक्का घेऊन फळीवर बसलं होतं. दाराला आता वीट होती.

मग मुंगीची पाळी आली. बूट काढले, स्वेटर काढला. ती मशीनवर बसली आणि या खेपेला मुळीच हलली नाही. दोन्ही हात छातीशी धरून, ओठ मिटून, अगदी शहाण्यासारखी. लेकीने डोळे बंद केले होते.

"नऊ किलो सहाशे," नर्सबाई म्हणाल्या.

लेकीने डोळे उघडले. मामांनी मात्र बारीक केले. पाच आठवड्यांत तीनशे? घरच्या, नीट लावलेल्या काट्यावर सकाळी साडेनऊ भरली होती ती, आणि दूध तर त्याच्या आधीच पिऊन झालं होतं. त्यांनी मुंगीकडे निरखून पाहिलं. ती आजोबांकडे न बघता छताकडे बघत होती.

"मूठ उघड," मामा म्हणाले.

"नाई."

"मुंगी, मूठ."

मुठीतून शंभर ग्रॅमचं पितळी वजन निघालं. मामांनी पेटीकडे पाहिलं. मखमलीतला एक खळगा रिकामा होता.

"काय हो काटेमामा!" नर्सबाई कडाडल्या. "तुमच्याच घरात मापात पाप?"

बाकावर हसू फुटलं. लेक तोंडावर हात ठेवून हसत होती, खांदे हलेपर्यंत. आकडे खाली उतरले आणि साडेनऊवर थांबले. नर्सबाईंनी निळं पेन घेतलं, वयाच्या रकान्यावर बोट ठेवलं आणि ठिपका दिला.

"वर की खाली?" लेकीने विचारलं.

"रेषेवरच बसलाय," नर्सबाई म्हणाल्या. "पण चढतोय. चिठ्ठीची गरज नाही. आता परत दोन महिन्यांनी या. कामाला उशीर होतोय ना तुम्हाला? पळा."

लेकीने कार्ड पिशवीत ठेवलं, मुंगीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि निघाली. दारापर्यंत जाऊन ती परत आली. शंभर ग्रॅमचं वजन मुंगीने पुन्हा मुठीत घेतलं होतं. ते तिने सोडवून घेतलं, बापाच्या पेटीतल्या रिकाम्या खळग्यात बसवलं, आणि मग ती खरोखरच धावत सुटली.